आल्यावानी

उषाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तीर्थपुरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कौसल्यालाही होतं. तरी तिनं भरवसा टाकला, आणि तेच आता उषाबाईला आतून खात होतं.

त्या साली जालन्याच्या शिवकन्या मॅडम बालवाडीच्या खोलीत बायांसाठी नाचाचा वर्ग घ्यायच्या. नाच म्हणजे ठेका शिकायचा नाही. टेप लावायचा, डोळे मिटायचे आणि अंग जसं म्हणेल तसं हलू द्यायचं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, तशा मॅडम म्हणाल्या, "चपला अन् बोलणं बाहेर. कुणाला हसायचं न्हाई. इचारल्याबिगर कुणाला हात लावायचा न्हाई, अन् समोरची 'नको' म्हणली की हात मागं. अन् इथली गोष्ट इथंच."

कौसल्या उषाबाईची शेजारीण, तिच्याच सोबतीनं आलेली. घरी सासू जाता-येता तिला कोपरानं ढोसायची, नवरा चिडला की दंडाला धरून ओढायचा. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "हात धरू का?" कौसल्या बघतच राहिली. मंग जरा भीतभीतच म्हणाली, "नको." मॅडमनी खरंच हात मागं घेतला.

"काकू, आजवर मला असं कुणी इचारलंच न्हवतं," घरी येताना ती म्हणाली.

पुढं ती अशी नाचायला लागली की विचारू नका! केस सुटायचे, मधेच हसायची, मधेच रडायची. डोळे मिटायचा नियम होता, पण उषाबाई कसली मिटती! किलकिले करून सगळं बघायची.

एक दिवस गिरणीवर ज्वारी दळताना झुंबरबाई भेटली, आणि उषाबाई कौतुकानं बोलून गेली, "काय सांगू, कौसल्या नाचाया लागली की बिलकुल अंगात आल्यावानी!"

गिरणीच्या खडखडाटात 'वानी' तेवढं पिठात गेलं. झुंबरबाईनं तिथंच हात जोडले. "अगं, तसं न्हाई," म्हणायला उषाबाईनं तोंड उघडलंही होतं. पण झुंबरबाई डोळे वासून ऐकत होती, आणि आपलं कुणी इतकं मन लावून ऐकतंय याचं उषाबाईला भारी सुख. मेली गप बसली.

मंगळवारी कौसल्याच्या दारात बाया नारळ घेऊन उभ्या! सासूनं पाट मांडला, हळद-कुंकू आणलं. "माझ्या अंगात काहीच येत न्हाई हो," कौसल्या सांगून थकली. तसतशा बाया म्हणायच्या, देवी परीक्षा बघती. वर्गाला जायची वेळ झाली, तर सासू दारात आडवी. "देवीनं बालवाडीत कशाला नाचावं? घरात काय कमी हाय?" कौसल्याचा नाच तिथंच सरला.

उषाबाईला अन्न गोड लागेना. शेवटी पुढच्या मंगळवारी ती गेलीच. सगळ्यांसमोर म्हणाली, "बायांनो, चूक माझी हाय. मी 'आल्यावानी' म्हणल्तं. ती नुसती नाचत व्हती."

"देवीच्या दारात असं बोलू नको, जीभ झडंल!" सासू गरजली. झुंबरबाईनं तर कानच झाकले.

पाटावर कौसल्या डोळे मिटून बसली होती. कुणी पाय धरत होतं, कुणी तिचा हात ओढून आपल्या पोराच्या डोक्यावर ठेवत होतं. उषाबाईला वाटलं, पाय धरावेत आणि पोटभर रडून माफी मागावी. ती वाकली. हात पुढं गेले आणि अधांतरी थांबले.

"कौसल्या," ती हळूच म्हणाली, "हात लावू का?"

कौसल्यानं डोळे उघडले.

"नको, काकू."

उषाबाईनं हात मागं घेतले. तेवढ्यात मागच्या बाईनं तिला बाजूला सारलं आणि कौसल्याचे पाय गच्च धरले.