पणजीच्या वाट्याची फळी

"आडवा हो," शिंपी मेव्हण्याला म्हणाला.

कापायच्या टेबलावर शिंप्याने खडूने पट्टे आखले होते. चहाला आलेल्या मेव्हण्याने आधी खडूकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"ताई, भावोजींना बरं नाही का?"

"बरं नसतं तर स्वतः आडवे झाले असते. दोन महिने झाले, उठता-बसता ती पणजीची जुनी बोट. गिऱ्हाइकं बाह्यांवाचून हिंडतायत."

रुंदी

ही बोट म्हणजे शिंप्याची पणजी जिच्यातून समुद्र ओलांडून या मुलखात मजुरीला आली ती. जुन्या बोटींची चित्रं चाळता चाळता त्याला तिचा आराखडा सापडला होता, माणशी झोपायच्या फळीच्या मापासकट. चढताना पणजीच्या हाताला एक पोर, कडेवर एक, उतरताना एकच. मधलं घरात सगळ्यांना पाठ: पणजी हातपाय पसरून ढाराढूर झोपली, तान्हं फळीवरून ढकललं गेलं. म्हणून या घरात ऐसपैस झोपणारी बाई 'बोटवाली'. शिंप्याची बायको लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी बोटवाली झाली. पदवी देणारी आत्या.

आत्याने शब्द मागे घ्यावा, एवढंच शिंप्याला हवं होतं. आणि आत्याने उभ्या जन्मात काही मागे घेतलं नव्हतं, सुटे पैसेसुद्धा.

लांबी

(सोडून देऊ. पाय सगळ्यांचेच बाहेर आले.)

पुन्हा रुंदी

एका माणसाला एक पट्टा. बायको भिंतीकडे, मेव्हणा कडेला, मधला पट्टा रिकामा. तेवढ्यात एक गिऱ्हाईक डोकावलं.

"माझा झगा झाला का हो?"

"झालाय," बायको छताकडे बघत म्हणाली. "माझ्या पाठीखाली आहे."

गिऱ्हाईक आल्या पावली गेलं. ते जातं तोच आत्या आली.

"हे काय मांडलंय मेल्यांनो?"

"आत्या, हा मधला पट्टा पणजीचा. दोन पोरांसकट. झोपून दाखव. हातपाय पसरून."

"दाखवते की! घाबरते काय तुझ्या खडूला?"

स्टुलावरून, शिव्या देत, शिंप्याच्या खांद्याचा कठडा करत आत्या चढली. उताणी झाली. एक कोपर शिंप्याच्या बायकोला लागलं, दुसरं मेव्हण्याला. गुडघा उचलला, तो ठेवायला जागा नव्हती. शेवटी ती कुशीवर वळली, तेव्हा कुठे मावली.

"पसर ना आत्या," शिंपी म्हणाला.

आत्याने हात पोटाशी मुडपले. बायको तोंडात पदर कोंबून हसत होती, ती थांबली.

"तुझी पणजी, माझी आजी, खाटेवरसुद्धा अशीच निजायची," आत्या म्हणाली. "एका कुशीवर, हात पोटाशी घेऊन. खाट अर्धी रिकामी. आम्ही पोरं हसायचो."

शिंप्याने तिला उठवायला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. पोटाशी मुडपलेल्या हातापुढे वीतभर जागा उरली होती, तिकडे ती बघत होती.

"झालं ना? उतरू मी?" मेव्हणा वळायला लागला.

"हलू नकोस," आत्या म्हणाली. "पोर आहे मध्ये."

मेव्हण्याने श्वास रोखला आणि पोट होईल तेवढं आत ओढून घेतलं.