थोरलीचे हिरवे चौकोन

कारखान्याच्या आरोग्य केंद्रात फिजिओथेरपीच्या दोन खोल्या होत्या आणि मधे प्लायवूडची भिंत, इतकी पातळ की पलीकडचा खोकलाही आपलाच वाटावा. एका खोलीतली बाई सोळा वर्षं जुनी, दुसरीतली सात महिन्यांची. नात्यागोत्याचा काही संबंध नाही, पण कामगारांनी एकीला थोरली केलं आणि दुसरीला धाकटी. धाकटीला हे नाव आवडलं. थोरलीला त्यात फक्त स्वतःचं वय ऐकू यायचं.

पूर्वी रजिस्टर होतं आणि ते थोरलीच्या टेबलावर असायचं. कोणी कधी यायचं हे ती ठरवायची. मग केंद्राच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी वेबवरचं कॅलेंडर आणलं. कामगार असो की निवृत्त माणूस, त्यानं फोनवर लिंक उघडायची, दोघींपैकी एक निवडायची आणि मोकळा चौकोन दाबायचा. थोरलीचे भरलेले चौकोन हिरवे, धाकटीचे केशरी. लोकांची दुखणी चव्हाट्यावर नकोत म्हणून नाव कोणाचंच लिहायचं नाही, नुसतं दुखणं आणि विभाग: ‘उजवा खांदा, रंगकाम’, ‘कंबर, कॅन्टीन’. आणि हे कॅलेंडर केंद्रातल्या सगळ्यांना दिसायचं. खरी गोम तिथेच होती.

पहिल्याच महिन्यात केशरी रंग असा पसरला की थोरलीला स्क्रीन बघवेना. धाकटीच्या आठवड्यात मुंगी शिरायला जागा नव्हती आणि हिच्या दुपारी पांढऱ्याफटक. काल आलेली पोरगी! खांदा धरायची रीतसुद्धा हिनंच शिकवली होती तिला. थोरली दर तासाला कॅलेंडर उघडायची, केशरी चौकोन मोजायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. ‘कंबर, कॅन्टीन’ तिची स्वतःची, नऊ वर्षांची कंबर होती. तीसुद्धा केशरी झाली, तेव्हा थोरलीला जेवण गेलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, तिच्याकडे गर्दी, तर तुला आराम. बरंच की!”

“तुम्हाला काही कळत नाही,” ती म्हणाली.

“ते तर लग्नापासून ऐकतोय.” त्यानं कूस बदलली. त्याच्या जागी शहाणा माणूस असता तर त्यानंही तेच केलं असतं.

आगीत तेल ओतलं ते डॉक्टरीणबाईंनी. दोन्ही खोल्यांना मिळून एक प्रमुख नेमायची आहे, म्हणाल्या. “पुढचे चार आठवडे कॅलेंडर बघते. लोकांना कोण हवंय ते त्यातच कळेल. चौथ्या शुक्रवारी चार वाजता नाव सांगते.” सोळा वर्षं हे पद आपलंच आहे असं थोरली धरून चालली होती. फक्त ते तयार व्हायचं बाकी होतं. आता ते तयार झालं, तर आयतं धाकटीच्या पदरात पडणार! धाकटी तर वर म्हणाली, “ताई, तुम्हीच व्हाल हो.” थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जिचं पोट भरलेलं असतं, तिला असं गोड बोलता येतं.

ज्यांना फोन जमत नाही त्यांची वेळ थेरपिस्टनं स्वतः भरायची सोय कॅलेंडरमध्ये होती. पहिल्या आठवड्यात थोरलीनं एक चौकोन भरला: ‘मान, गोदाम’. गोदामात कोणाचीही मान दुखत नव्हती. चौकोन हिरवा झाला आणि तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. मग ‘टाच, फाटक’ आली, ‘मनगट, टंकलेखन’ आलं. खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात ना! ती त्या वेळी दार लावून घ्यायची आणि नसलेल्या माणसांच्या नोंदीही लिहायची. मानेला थोडा आराम. टाच अजून हट्टी. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाई येता जाता म्हणाल्या, “वा, हिरवळ वाढली!” झालं. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी तिनं शेवटचा सगळा आठवडा एका बैठकीत भरून टाकला, सोमवारी नऊपासून शुक्रवारी चारपर्यंत. एक पांढरा ठिपका म्हणून ठेवला नाही.

यात एक माणूस ती विसरली.

बसकाका. कारखान्याच्या बसवर तीस वर्षं ड्रायव्हर होते, निवृत्त झाले आणि वर्षभरात डावी बाजू गेली. आले तेव्हा खुर्चीतून उचलून आणावे लागले होते. थोरलीनं आठ महिने त्यांचा पाय हातात धरला होता, त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा तर त्यांच्याबरोबर रडलीही होती. काठीशिवाय पहिलं पाऊल टाकाल ते माझ्यासमोर, असं तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा वाजता. त्यांची सूनबाई दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याची वेळ भरायची.

सोमवारी सकाळी थोरलीनं कॅलेंडर उघडलं आणि तिचे डोळे मंगळवारच्या अकरावर थबकले. केशरी. ‘डावा पाय, निवृत्त, बस’. शुक्रवारीही तेच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. काकासुद्धा? आठ महिने रक्त आटवलं ते याच्यासाठी? त्या पोरीनं काय गोडीगुलाबी केली असेल देव जाणे!

मंगळवारी अकराला पाच कमी असताना ती मुद्दाम पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली. काका काठी टेकत आले आणि तिला पाहून त्यांचा अर्धा चेहरा खुलला, अर्धा अजून तसाच होता.

“ताई! सूनबाई रविवारी चारदा बघत होती. तुमचं सगळं हिरवंगार, बोट ठेवायला जागा नाही. शेवटी धाकट्या ताईंनी अकराचा पेशंट स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत घेतला आणि मला वेळ काढून दिली.”

थोरली म्हणाली, “काका, मला एक फोन करायचात.”

“छे! तुमच्या दारात रांग लागलीय, त्यात मी कुठे पुढे घुसू? बरं वाटलं हो मला. लोकांना किंमत कळली तुमची.”

एका बोटाचं काम होतं. ‘टाच, फाटक’ पुसायची आणि काकांना आत घ्यायचं. पण पुसलं की पांढरं दिसणार, आणि चौथ्या शुक्रवारला तीनच दिवस उरले होते. “एवढा आठवडा कळ काढा,” ती म्हणाली. “पुढच्या मंगळवारपासून माझ्याकडेच.”

“सावकाश, ताई. मी कुठे पळून जातोय?”

शुक्रवारी अकरा वाजता थोरली दार लावून रिकाम्या पलंगाशेजारी बसली होती. कॅलेंडरप्रमाणे पलंगावर ‘मान, गोदाम’ होती. भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज येत होता, “हं, वजन डाव्यावर. डाव्यावर, काका.” थोरलीला त्या आवाजाचा मत्सर वाटला, त्या हाताचा वाटला, त्या जमिनीचासुद्धा वाटला. मग काठी खाली पडल्याचा आवाज झाला. नंतर एक पाऊल. बऱ्याच वेळानं दुसरं. आणि मग काका असे ओरडले की पॅसेजमधली माणसं धावली.

थोरली उठली. तिचा हात कडीवर होता तोच दारावर थाप पडली.

“ताई, लवकर या!” धाकटी बाहेरून रडत, हसत सांगत होती. “काका चालले! माझ्या खोलीतून तुमच्या दारापर्यंत एकटे आले!”

दार उघडलं असतं तर मागचा पलंग दिसला असता, चादरीला सुरकुती नसलेला. चार वाजायला पाच तास होते.

“नको गं, बोलवू नको,” काकांचा आवाज आला, धापा टाकत. “आत पेशंट असेल. हातातलं दुखणं सोडून त्या यायच्या नाहीत. आठ महिने पाहिलंय मी. माझ्या वेळी त्यांची मुलगी आजारी असल्याचा फोन आला होता, तरी पाय सोडला नव्हता त्यांनी.”

बाहेर सगळे दाराशी कान देऊन उभे राहिले. आतून काहीतरी आवाज यायला हवा होता. थोरलीनं कडीवरचा हात काढला, भिंतीकडे वळली आणि नेहमीच्या, शांत, सोळा वर्षांच्या आवाजात म्हणाली, “हां, आता मान डावीकडे. सावकाश. दुखलं की सांगा.”

“पाहिलंत?” बाहेर काका कुजबुजले.

“पाहिलं,” गर्दीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. “चार वाजेपर्यंत थांबायची गरजच नाही. प्रमुख म्हणजे अशी बाई हवी.”

कोणीतरी टाळ्या वाजवल्या, पेशंटला त्रास नको म्हणून हळूच. धाकटीनंही वाजवल्या असतील, ती तशीच होती.

“आणखी दहा वेळा,” थोरली रिकाम्या उशीला म्हणाली, आणि मोठ्यानं दहापर्यंत मोजत राहिली, कारण बाहेरची माणसं अजून हलली नव्हती.