हेलकावा

पोलादाच्या भट्टीवर बोलून कधीच उपयोग नसायचा. विजेचे तीन जाड दांडे, इलेक्ट्रोड, भंगारात उतरले आणि वीज कडाडू लागली की शेजारच्याच्या कानात बोंब मारली तरी त्याला फक्त ओठ हललेले दिसायचे. त्यामुळे सगळा कारभार हातावर चालायचा. पंजा वर म्हणजे थांब, मूठ म्हणजे वीज बंद, हात डोलवला म्हणजे हेलकावा. आणि चुकलेल्याला समज द्यायची तर कानाखाली. ही शेवटची खूण थोरल्याची लाडकी. तो पाळीचा प्रमुख, अंगाने दारासारखा रुंद, आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाचाही गाल कोरा राहिलेला नव्हता. सख्ख्या धाकट्या भावाचा तर नाहीच नाही. वडिलांच्या माघारी धाकट्याला त्यानेच वाढवला, त्यानेच भट्टीवर लावला आणि पहिल्याच आठवड्यात ओलं, म्हणजे भट्टीत फुटणारं, भंगार बादलीत जाऊ दिलं म्हणून चारचौघांत असा हाणला की पोरगं कितीतरी दिवस एकाच बाजूने चावत होतं. लोक म्हणायचे, दादा मारतो पण मरू देत नाही. थोरल्याला हे ऐकायला फार आवडायचं.

हेलकावा ही त्याची खास करामत. भंगार वितळताना त्याचा एखादा ढीग भिंतीला चिकटून बसतो; खाली रस खदखदतोय आणि हा वर रुसलेल्या जावयासारखा हटून. अशा वेळी थोरला सगळी भट्टीच जरा पुढे कलंडवायचा, जरा मागे, पुन्हा पुढे. ढीग धाडकन रसात पडायचा आणि काम पुढे सरकायचं. त्याच्या पाळीत भट्टी कधी गोठली नव्हती. हा त्याचा अभिमान होता आणि तो बाळगायचा त्याला हक्कही होता.

मग कारखान्याने कात टाकली. भट्टीच्या विटांच्या भिंती गेल्या आणि त्यांच्या जागी पोलादाची पोकळ पॅनेलं आली, आतून सतत पाणी खेळणारी. ऑक्सिजनची नळी धरायला यंत्राचा हात आला. भट्टीच्या दारावर जिथे माणसांची फळी उभी असायची तिथे एकटा रेडा उरला, लांब सळईने दार मोकळं ठेवणारा. रेडा हे नाव थोरल्यानेच ठेवलं होतं आणि रेडा ते मिरवायचा. वर काचेची केबिन झाली, गार हवेची, पडद्यांची. "भट्टी चालवायची का सिनेमा बघायचा?" असं थोरला म्हणाला तेव्हा सगळे हसले, पण पडद्यांसमोर खुर्ची एकच होती आणि ती धाकट्याला मिळाली. कंपनीने शिकायला पाठवलं होतं त्याला. थोरला प्रमुखच राहिला, पण त्या खुर्चीच्या मागे उभा. भावाचं कौतुक होतं त्याला, आणि पोटात दुखतही होतं. दोन्ही खरं.

नव्या भट्टीचा मुख्य नियम धाकट्याने घरीच जेवताना समजावला होता. "पाणी रसाच्या वर पडलं तर वाफ होऊन उडून जातं, दादा. पण पाणी वर साचलेलं असताना भट्टी हलली आणि रस त्याच्यावर चढला, तर वाफेला जायला वाटच नाही. मग भट्टी फुटते. गळती दिसली की वीज बंद, पाणी बंद, माणसं बाहेर. आणि भट्टीला हात लावायचा नाही."

"ह्यांना काय शिकवतोस?" वहिनी वाढता वाढता म्हणाली. "झोपेतसुद्धा भट्टीच चालवतात." थोरल्याने मान डोलावली आणि पाणी प्यायला.

पंचाईत अशी की पाण्याची मापकं नवी होती आणि पक्की खोटारडी. गळती नसताना भोंगा वाजवायची. दर वेळी माणसं बाहेर पळायची, रस थंड व्हायचा आणि मॅनेजरच्या शिव्या थोरल्याच्या वाट्याला यायच्या. शेवटच्या वेळी तर मॅनेजर म्हणाला, "आणखी एकदा भट्टी गोठली ना, तर उद्यापासून तुम्ही भंगाराच्या आवारात. लोहचुंबक मोजत बसा." हे सगळ्या पाळीसमोर. थोरल्याच्या कानशिलावरची शीर तेव्हापासून उडत होती.

दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या पाळीत, चिकटलेला ढीग अर्धवट ढासळला. एक इलेक्ट्रोड तिरपा झाला, वीज भिंतीकडे वळली आणि पॅनेलवर डोळे दिपवणारा ठिपका चमकून गेला. पडद्यावर आकडे लाल झाले. आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा परतणारं पाणी कमी होतं. धाकट्याने विचार न करता लाल बटण दाबलं. वीज गेली, पाणी तुटलं आणि भोंगा सुरू झाला. क्रेनवाला शिडीवरून घसरतच उतरला, बाकीचे दरवाजाकडे धावले.

"परत?" थोरला गरजला. "परत तेच? वीज चालू कर!"

"गळती आहे, दादा. या वेळी खरी आहे. वाफ बघ."

भट्टीच्या छताच्या फटीतून पांढरं काहीतरी निघत होतं. थोरल्याने ते पाहिलं. क्षणभर त्याला ते ओळखूही आलं. पण ओळखलं तर भट्टी गोठणार होती, उद्या भंगाराचं आवार होतं आणि मॅनेजरचं थोबाड होतं, म्हणून तो म्हणाला, "धूर आहे. ढीग अजून लोंबतोय भिंतीला. दोन हेलकावे देतो, सरळ होईल."

"हात लावायचा नाही तिला!"

"तू मला सांगणार?"

खाली रेडा सळई घेऊन दारापाशीच उभा होता. सगळे पळत होते आणि हा वर काचेकडे बघत होता. धाकट्याने माइक ओढला. "रेडा, पळ! बाहेर हो!" आवाज सगळ्या शेडमध्ये घुमला, पण रेडा कर्ण्याकडे बघणारा माणूसच नव्हता. तो थोरल्याचा हात बघत होता. थोरल्याने पंजा वर केला. थांब. दार मोकळं लागणार होतं. रेड्याने मान हलवली आणि पाय रोवले.

थोरला भट्टी कलंडवायच्या लिव्हरकडे वळला तसा धाकटा मध्ये आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने भावावर हात उचलला. सणसणीत, कानाखाली, अगदी घरच्या पद्धतीची.

थोरला जागच्या जागी थिजला. मग त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. त्याने धाकट्याची मान धरली आणि तोंड टेबलाच्या कडेवर आदळलं. दात तुटल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला आणि तरी पुन्हा आदळलं. भुवई फाटली, पडद्यावर रक्त उडालं, लाल आकड्यांवर लाल. धाकटा कोसळला तेव्हा त्याने बरगडीत लाथ घातली. ही आजची, ही खुर्चीची, ही सगळ्यांसमोर खाल्लेल्या शिव्यांची. किती घातल्या ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही. बरं वाटत होतं, एवढं मात्र आठवत राहिलं.

धाकट्याने खालूनच त्याचा पाय मिठीत धरला. रक्ताने भरलेल्या तोंडातून एकच बोलत होता, "रेड्याला तरी जाऊ दे, दादा. रेड्याला तरी." थोरल्याने बुटाच्या टाचेने त्याची बोटं ठेचली, पाय सोडवला आणि त्याला टेबलाखाली ढकलून दिला. मग लिव्हर पुढे केला.

भट्टी जेमतेम झुकली. ढीग सुटला, त्याला हवा होता तसाच, आणि मागोमाग रस साचलेल्या पाण्यावर चढला.

आवाज ऐकू आलाच नाही. आधी छत उचललं गेलं, इलेक्ट्रोड खडूसारखे मोडले आणि दारातून वितळलेल्या पोलादाचा लोंढा आडवा बाहेर आला. रेडा जिथे उभा होता तिथे एकदम पांढरं झालं. त्याने पळायला पाऊलसुद्धा उचललं नव्हतं. तोंड वर, केबिनकडे. थोरल्याने पाहिलेली ती शेवटची गोष्ट, कारण पुढच्याच क्षणी केबिनची सगळी काच आत आली, आणि तो तिच्यासमोर छाती काढून उभा होता.

इस्पितळात शुद्ध आली तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या होत्या. बायको शेजारी होती, पण काही विचारलं की रडायला लागायची. डॉक्टर गोल गोल बोलायचे. त्यावरून त्याला डोळ्यांचं कळलंच. रेड्याचं नाव कुणी काढत नव्हतं आणि विचारायची त्याची हिंमत नव्हती. जीव एकाच गोष्टीसाठी टांगणीला लागलेला असायचा, धाकटा कुठे आहे.

एका दुपारी धाकटा आला. पावलं थोरल्याने लगेच ओळखली.

"छोट्या?"

"हं."

"रेडा?"

"जागेवरच होता, दादा. तू थांब म्हणालास ना."

बायको उठून बाहेर गेली. थोरला खाटेवर चाचपडत राहिला, "जवळ ये, जवळ ये रे," म्हणत. धाकटा वाकला तसा त्याने भाजलेल्या, पट्ट्या गुंडाळलेल्या हाताची दोन मोकळी बोटं त्याच्या चेहऱ्यावर टेकवली. पोरगं शाबूत आहे, एवढंच त्याला बघायचं होतं. भुवईवर टाके लागले. जबडा एका बाजूने सुजून दगड झालेला. ओठ फाटलेला, आणि पुढे दात असायला हवे होते तिथे मोकळी जागा. थोरल्याला हुंदका फुटला.

"फार लागलं रे तुला. भट्टीने नासवून टाकलं माझ्या पोराला."

"मी टेबलाखाली होतो, दादा," धाकटा म्हणाला. तुटक्या दातांतून शब्द फसफसत होते. "भट्टीचं मला काहीच लागलं नाही."

बोटं फाटलेल्या ओठावर थांबली. थोरल्याने हात मागे घेतला, आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.