पालावरचे दोनशे चौदा शब्द

साखराबाईने खांद्यावरची झोळी अंगणात आपटली. आतली टाकी आणि हातोडी खणकन वाजली, तशी स्वयंपाकघरातून रुक्मिणीबाईंनी विचारलं, "टाकीवाली, आलीस का गं? जातं बाहेर काढायला सांगते."

"जात्यासाठी न्हाई आले," साखराबाई म्हणाली. तिची नजर ओसरीवर होती. तिथे रुक्मिणीबाईंचा मुलगा उत्तरेश्वर बैठ्या मेजापुढे बसून आपल्या वहीची स्वच्छ नक्कल करत होता. "धाकले मालक, पोलिसांच्या अमिनाला काय दिलंत तुमी?"

उत्तरेश्वरने टाक खाली ठेवला. बोलण्याआधी त्याने वही मिटली, आणि मिटल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

तो हैदराबादच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. विषय भाषाशास्त्र. हे नेमकं काय असतं ते त्याच्या वडिलांना, अर्जुनरावांना, आपल्या युसूफ वडगाव या गावात कुणाला सांगता येत नसे. "वकिलीच्या आसपासचंच हाय," म्हणून ते वेळ मारून नेत. परीक्षेसाठी त्याला एक प्रबंध द्यायचा होता. प्राध्यापकांनी बजावलं होतं, पुस्तकातली भाषा नको, कुणी अजून लिहून घेतली नाही अशी बोली आणा. ती त्याच्या गावाबाहेरच होती. सुगी संपली की झिजलेल्या जात्यांना छिन्नीने टाकी लावणारी, पाटे-वरवंटे घडवणारी माणसं माळावर पालं ठोकत. गावाशी ती मराठीत बोलत, पण शिपाई जवळ आला की आपसांत असं काही बोलत की बाहेरच्याला एक शब्द लागत नसे. त्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे आणि कुठेही चोरी झाली की पहिल्यांदा त्यांच्याच मुसक्या बांधल्या जात. त्या बोलण्याचा तेवढा आडोसा त्यांना होता.

तीन आठवडे रोज दुपारी उत्तरेश्वर साखराबाईच्या पालापुढे मातीत बसला. मालकाचा मुलगा मातीत बसतो याचं तिला आधी हसू आलं, मग अप्रूप वाटलं. हे शब्द बाहेरच्याला द्यायचे नाहीत, असं तिच्या आईने तिला मरेपर्यंत बजावलं होतं. तरी तिने दिले, कारण तुम्ही कसं बोलता हे आजवर कुणी तिला आदराने विचारलं नव्हतं. त्याने विद्येची शपथ घेतली होती: वही थेट हैदराबादला जाईल, इथे कुणी वाचणार नाही. पाणी, भाकर, आग, शिपाई, लप, पळ, गप बस. मोजून दोनशे चौदा शब्द झाले.

"काल अमीन पालावर आला," साखराबाई म्हणाली. "कागद काढला अन् आमचा एकेक शब्द मोठ्यानं वाचला. शिपाई खिदळत व्हते. माझ्या सासूनं तोंडाला पदर लावला. तुमच्याबिगर कुनापाशी व्हते ते शब्द?"

"बाई, ते अभ्यासाचं होतं. अमीनसाहेब जेवायला आले होते. अप्पांनी विषय काढला, आणि..."

"अन् तुमी लिहून दिलं."

दिलं होतं. कुणी त्याचा हात धरला नव्हता. पोलिसांचा तो अमीन मटणाचा रस्सा ओरपता ओरपता त्याला 'आलिम' म्हणाला होता, विद्वान म्हणाला होता, एवढंच. तेवढ्यावर या शहाण्याने दुसऱ्या दिवशी सकाळी बसून शब्द आणि त्यापुढे अर्थ अशी सगळी यादी वळणदार उर्दू अक्षरात उतरून काढली आणि स्वतः चावडीवर नेऊन दिली. शाई वाळेपर्यंतसुद्धा त्याला शपथ आठवली नाही.

"मी वही जाळून टाकतो," तो म्हणाला.

"जाळून काय व्हतंय? अमिनाच्या टाळक्यात गेलं ते जळनार हाय का?" आता तिचा आवाज चढला. रुक्मिणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी तिने तो उतरवला नाही. "माझा भाऊ, त्रिंबक, चार दिसांपून तापानं पडलाय. त्याला सकाळी धरून नेलं. केजच्या रस्त्यावर कुना व्यापाऱ्याचे बैल चोरीला गेले म्हनं. उठता येईना त्याला, अन् बैल हाकीत नेले! मारतील आता. आमाला घर न्हाई, शेत न्हाई, मालक. एकमेकाला सावध करायला इतकंच व्हतं. तेबी तुमी जेवनावळीत वाढलं."

झोळी उचलून ती निघून गेली.

थोड्याच वेळात अर्जुनराव बाहेरून आले ते खुशीतच. त्यांच्यामागे एक शिपाई होता.

"उत्तरेश्वर, टोपी घाल. अमीनसाहेबांनी बोलावलंय. त्या बाईला आन् तिच्या भावाला समोरासमोर बसवनार हायेत. तू दाराआड बसायचं अन् काय बोलले ते सांगायचं. तालुकदारसाहेबांकडं तुझं नाव जानार हाय."

"मी नाही जाणार, अप्पा."

"कावून?"

"त्या बाईला मी शब्द दिला होता."

अर्जुनराव शिपायाकडे पाहून कसनुसं हसले आणि मग मुलाच्या कानाशी येऊन दातओठ खात म्हणाले, "टाकीवालीला दिलेला शब्द! अन् अमिनाला न्हाई म्हनून गावात राहायचं कसं ते तुझं शास्त्र सांगतं का? घाल टोपी."

उत्तरेश्वरचं डोकं तडकलं. बापाचा राग आला, अमिनाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तरी त्याने टोपी घातली आणि वहीसुद्धा बरोबर घेतली. चावडीच्या वाटेवर त्याने ठरवलं की काहीही ऐकू आलं तरी 'मला कळलं नाही' एवढंच सांगायचं. ठरवल्यावर त्याला जरा बरं वाटलं, छाती थोडी पुढे आली. चूक करून ती निस्तरायला निघालेल्या माणसाला स्वतःचं फार कौतुक असतं.

चावडीतल्या आतल्या खोलीच्या दारामागे त्याच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. दार अर्धवट उघडं होतं. फटीतून त्रिंबक दिसत होता. भिंतीला टेकून बसलेला, हात बांधलेले, ओठ फुटलेला. साखराबाईला आणून त्याच्यासमोर बसवलं. अमीन आणि शिपाई मुद्दाम ओट्यावर गेले. पानाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

साखराबाई बोलू लागली. उत्तरेश्वर कान देऊन ऐकत होता. पहिलं वाक्य गेलं, दुसरं गेलं. त्याने नकळत वही उघडली. वाक्यांची चाल तीच होती, हेल तोच होता, पण आतला एकही शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता. तो भराभर पानं उलटू लागला. ती आणखी काही म्हणाली, त्यातलंही काही नाही.

मग त्रिंबक बोलला. तो अडखळत होता. एका शब्दापाशी तो थांबला, कपाळाला आठ्या घालून आठवू लागला. बहिणीने हळूच तो शब्द सांगितला, त्याने तो पुन्हा म्हटला आणि पुढे गेला. पुढे एकदा जुना शब्द तोंडातून अर्धा निसटला, तेव्हा त्याने जीभ चावली आणि साखराबाईने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

उत्तरेश्वरचे हात थांबले. काल अमीन पालावरून गेल्यापासून या माणसांनी काय केलं ते त्याला कळलं. पिढ्यान् पिढ्यांचे दोनशे चौदा शब्द त्यांनी एका रात्रीत टाकून दिले होते. त्यांच्या जागी दुसरे घडवले होते, म्हाताऱ्यांना आणि तापाने फणफणलेल्यांनासुद्धा पाठ करायला लावले होते.

अमीन आत आला. "बोला आलिमसाहेब. काय म्हनाली ही?"

"मला कळलं नाही."

"मजाक करता? कागद तुमच्या हातचा हाय."

"खरंच कळलं नाही. यातला एकही शब्द माझ्याकडे नाही."

 अमिनाने आत जाऊन त्रिंबकच्या दोन थोबाडीत दिल्या, कारण मालकाच्या मुलाला देता येत नव्हत्या. अर्जुनराव ओट्यावर खाली मान घालून उभे होते; मुलगा बाहेर आला तेव्हा ते पाठ फिरवून घराकडे चालू लागले.

बैल सापडले नाहीत आणि पुरावाही सापडला नाही. संध्याकाळच्या हजेरीनंतर त्रिंबकला सोडलं. उत्तरेश्वर तोवर चावडीसमोरच्या कडुनिंबाखाली उभा होता. साखराबाई भावाला धरून पायऱ्या उतरली तसा तो पुढे झाला. दुपारभर तोंडात घोळवलेलं वाक्य त्याने घाईघाईने म्हटलं.

"बाई, मी त्यांना काही सांगितलं नाही."

"सांगायला हाय काय तुमच्यापाशी?"

 त्याने वही तिच्यापुढे धरली. "ही तुम्ही ठेवा."

साखराबाईने वहीकडे पाहिलं. तिचा चेहरा रागाने तसाच ताठ होता, फक्त डोळे भरून आले, आणि ते भरले म्हणून तिला आणखीच राग आला.

"मला कुटं वाचता येतं?" ती म्हणाली. "माझी आई ज्यात बोलायची ते आता आमाला तोंडातून काढायची चोरी. माझ्या पोरीला ते कळनार न्हाई. समदं तुमच्याच वहीत राह्यलंय. तुमचंच झालं ते, मालक. न्या हैद्राबादेला."

तिने त्रिंबकचा हात आपल्या गळ्यात घेतला आणि दोघं माळाच्या वाटेने निघाली. उत्तरेश्वर मागे उभा राहून ऐकत होता. चालता चालता ती एकेक शब्द सांगत होती, आणि त्रिंबक फुटक्या ओठांनी तो पुन्हा म्हणून दाखवत होता.