शिव्यांचा धनी

देवांमध्ये घोळ्याला कुणी विचारत नसे. मोठे देव सोन्याच्या सिंहासनांवर. हा गोंधळाचा आणि छोट्यामोठ्या चेटकाचा देव, तो रंगाऱ्यांच्या गल्लीत कढईमागे राहायचा. निळ्यात पिवळा मिसळ, सुताला गाठी मार, असे त्याचे उद्योग. म्हणून गल्लीतली रीत अशी, की कढईखाली जाळ करण्याआधी त्याला एक सणसणीत शिवी हासडायची. तीच त्याची पूजा. शिवी मिळाली की स्वारी खूश, मग दिवसभर रंगाला हात लावायची नाही. इतक्या स्वस्तात खूश होणारा देव शोधून सापडायचा नाही.

म्हातारी रंगारीण या पूजेत पटाईत होती. पण त्या दुपारी तिची पाचावर धारण बसली. आत तापाने फणफणलेली नात निपचित पडलेली, आणि दारात मरणाचा शिपाई दोरी घेऊन उभा. तिने मोठ्या देवांना हाका मारून पाहिल्या. त्यांनी नियमावर बोट ठेवलं.

शेवटी ती कढईकडे वळली आणि तिने हात जोडले. "घोळेश्वर महाराज, आपण यावं. कृपा करावी."

कढईमागे हालचाल नाही. बिचाऱ्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.

"अहो आई, असं काय करता?" सून ओरडली. "शिव्या द्या त्याला!"

म्हातारीच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मेल्या घोळ्या, ऐतखाऊ, कुठे तोंड लपवून बसलायस? माझी पोर चाललीय रे!"

घोळ्या उडी मारूनच आला, कोपरापर्यंत निळा. शिपायाशी लढायची त्याची ताकद नव्हती. त्याने शिपायाच्या कानाजवळ नुसती टिचकी वाजवली. शिपाई उंबऱ्यातच थबकला आणि दोरीकडे बघत डोकं खाजवू लागला.

"मी कशाला आलो होतो बरं?"

"पाणी प्यायला," सून पटकन म्हणाली आणि तिने तांब्या पुढे केला.

तो गटागटा प्यायला, "बरं वाटलं हो," म्हणाला आणि चालू लागला. साक्षात मरणाला गंडवायचं, आणि तेही एका टिचकीत! सिंहासनांवरच्या मंडळींच्या बापाला हे जमलं नसतं.

म्हातारी घोळ्याच्या पाया पडायला वाकली. तो दचकून मागे सरला.

"नको गं बाई! एकदा लोक पाया पडायला लागले की नियम पाळावे लागतात. मग पुढच्या वेळी तू कुणाला बोलावशील?"

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. "आजी, मला पण पाणी."

म्हातारी धावली. नातीला दरदरून घाम फुटला होता, ताप उतरला होता. पोरीला छातीशी धरून ती इतकी रडली, की सून तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.