बंद गाडीतली झोप

इंदुताईंनी ट्रकच्या पायरीपाशी चपला काढल्या, पदर खोचला आणि दारालगतचा दांडा धरला.

"चपला वरते घेऊन ये," नत्थूजी कॅबिनमधून म्हणाले. "खाली ठेवशील तर कोणीतरी घालून जाईन."

"समोर देव बसले आहेत तुमच्या. त्यांच्यापुढं चपला ठेवू?"

"देवाले काय! तेही आता एसीत बसून राहिले. पिशवीत टाक अन् ये लवकर. दार उघडं राहिलं का गारवा पळते."

त्या वर चढल्या. दार लागल्याबरोबर नवतप्याचं रणरणतं ऊन बाहेरच राहिलं. रिंगरोडच्या कडेला थांबलेल्या ट्रकांची रांग काचेतून दिसत होती, पण आवाज कसलाच नव्हता. इंदुताईंनी समोरच्या मूर्तीला हात जोडले आणि इकडेतिकडे पाहिलं.

"इंजिन बंद आहे?"

"बंद. बॅटरीवर चालते हे. छतावर बसवलं ना मालकानं. आता डिझेल जाळत उभं राहायचं कामच नाही."

हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि थकवाही होता. एसी बसण्याआधी त्यांची दुपार वेगळी असे. शहरात दुपारभर जड गाड्यांना बंदी, इंजिन बंद केलं की कॅबिनची भट्टी होई. मग गाडी ओळखीच्या पंपावर लावून नत्थूजी सरळ सक्करदऱ्याला घरी येत. नागपूरवरून फेरी गेली की एवढी एक दुपार घरची. आता ऑफिसचं म्हणणं पडलं, गाडीत थंड हवा दिली आहे, झोपायचं ते गाडीतच. भरलेली गाडी सोडून कुठं जायचं नाही. एसी तासाभरानं आपोआप बंद होई. चालू ठेवायचा तर बटण दाबावं लागे. तो बंद पडला की ऑफिसातल्या पडद्यावर दिसे, म्हणजे ड्रायव्हर गाडीत नाही. गाडी सोडून गेलेल्या दोघा ड्रायव्हरांना मालकानं नागपूर न लागणाऱ्या रस्त्यावर टाकून दिलं होतं.

आणि घरी प्रयागबाई होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून नत्थूजींची आई खाटेवरच होती. दुपार झाली की तिचं सुरू होई, 'नत्थू आला का?' दोन फेऱ्या तशाच गेल्या. तेव्हा हा मार्ग इंदुताईंनीच काढला. त्यांनी गाडीत बसायचं, बटण दाबायचं. यांनी घरी जाऊन आईला भेटून यायचं.

"पाह्य बरं," नत्थूजींनी बोट दाखवलं, "हा हिरवा दिवा लुकलुक करू लागला का हे दाबायचं. दुसऱ्या कशाले हात लावू नको."

"आणि कोणी विचारलं तर?"

"फोन मायापाशी राहीन. तुले कोण विचारते?" मग ते जरा हसले. "काहून वं, हे खोटं तुझ्या नेमात बसते?"

"मले विचारलं तर मी खरंच सांगीन. म्हणून तर म्हटलं, फोन तुम्हीच घेऊन जा."

त्यांनी पिशवीतून लाल कापडात गुंडाळलेली पोथी काढली. रोज एक अध्याय वाचल्याशिवाय त्या अन्नाला शिवत नसत. लग्नाआधीपासूनचा नेम. आज सकाळी आईंचं करण्यातच वेळ गेला होता.

"अजून जेवली नाही?"

"आता वाचते ना. इथं शांत आहे. तुम्ही जा, आई वाट पाहून राहिल्या."

ऑटोत बसल्यावर नत्थूजींनी डोक्याला दुपट्टा बांधला. उन्हाची गरम लू तोंडावर येत होती. डोळे मिटले तरी रस्ता पुढून येतच राहतो, ही त्यांची जुनी खोड. ते डोळे उघडे ठेवूनच बसले.

घरी शेजारची वंदना आईजवळ बसली होती. त्यांना पाहून ती उठली. "बरं झालं आलात, काका. मघापासून नुसता तुमच्या नावाचा जप सुरू आहे," म्हणाली आणि निघून गेली.

"आला गा माया बाप," प्रयागबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. "किती वाळला रे. खाते का नाही काही?"

"खातो ना आई."

"इंदू कुठं हाय?"

"येते आता."

थोडा वेळ त्या त्यांचा हात धरून पडून राहिल्या. मग कुशीवर करायला सांगितलं. नत्थूजींनी खांद्याखाली हात घातला, तशा त्या कळवळल्या.

"अरे, तसं नाही गा! तुले काय जमते. आधी गुडघ्यापाशी उशी दे, मंग पाठ धर. ट्रक हाय का मी, कसाही वळवायले?"

नत्थूजींना हसू आलं आणि घामही फुटला. उशी दिली, पाठ धरली, ओलं झालेलं पातळ बदललं. तेवढ्यानं त्यांची कंबर भरून आली. पाणी पाजलं, तर ते हनुवटीवरून गळ्यात गेलं. पुसलं. कूलरचं तोंड फिरवलं. आई निवांत झाली असं वाटलं, तोच तिला पुन्हा दुसऱ्या कुशीवर व्हायचं होतं.

"इंदूले बोलाव," त्या म्हणाल्या. "नाही तर राहू दे. रातभर मीच उठोतो तिले. मी झोपल्यासारखं करतो, तरी समजते तिले. माये पाय धरून बसून राहते. म्हणतो, जाय वं, पड जराशी. जातच नाही."

"रोज?"

"थंडीपासून."

नत्थूजींनी खाटेच्या बाजूला पाहिलं. जमिनीवर चटई दुमडून ठेवली होती. भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, तेलाचा एक गोल डाग पडला होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. रोज फोनवर ते विचारत, आई जेवली का, आईचं औषध झालं का. इंदुताई सगळं सांगत आणि शेवटी म्हणत, तुम्ही झोप काढा बरं, गाडी चालवायची आहे. तेही हो म्हणून फोन ठेवून देत.

वंदना परत आली तेव्हा ते निघाले. परतीच्या ऑटोत ऑफिसचा फोन वाजला. तो उचलला असता तर रस्त्याचा आवाज ऑफिसात ऐकू गेला असता. त्यांनी वाजू दिला.

गाडीजवळ पोचल्यावर त्यांना कळलं. छतावरची घरघर बंद होती. ते घाईनं वर चढले. हिरवा दिवा विझला होता, कॅबिन तापू लागली होती. इंदुताई मागच्या झोपायच्या फळीवर, भिंतीला डोकं टेकून, बसल्या बसल्या झोपल्या होत्या. चष्मा नाकावर घसरलेला. ओठांवर घामाचे थेंब. मांडीवर पोथी उघडी होती, अध्यायाच्या पहिल्याच पानावर.

"इंदू," ते म्हणाले, पण इतक्या हळू की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

त्यांनी बटण दाबलं. थंड हवेचा झोत सुरू झाला. हात धुतलेले नव्हते, म्हणून पोथीला ते शिवले नाहीत. चष्मा तेवढा काढून घेतला. इंदुताई जाग्या झाल्या नाहीत. एक मोठा श्वास टाकून त्या कलंडल्या आणि फळीवर आडव्या झाल्या. पाय पोटाशी घेतले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दिवसाढवळ्या झोपलेली इंदू त्यांनी पाहिली नव्हती.

ते आवाज न करता खाली उतरले आणि दार लावून घेतलं. रांगेत पुढं कुणीतरी इंजिन सुरू केलं. बंदी उठली होती. खिशातला फोन पुन्हा वाजला. ऑफिसातली मिनल होती.

"काका, मध्ये एसी बंद दिसला. फोनही नाही उचलला तुम्ही. गाडीतच होता ना?"

"झोप लागली होती, मॅडम. बटण दाबायचं राहून गेलं."

"मला वाटलंच," ती हसली. "राहू द्या, मी वर काही कळवत नाही. पण निघा आता. गोदामवाले थांबून राहिले."

"हो."

पुढचे ट्रक एकेक करून हलू लागले. नत्थूजींनी दाराच्या दांड्यावर हात ठेवला. पत्रा आतून थोडा थरथरत होता, तेवढाच. इंजिन लावलं की सगळी कॅबिन हादरते. त्यात मेलेला माणूसही उठून बसेल, असं ते नेहमी गमतीनं म्हणत. त्यांनी हात काढून घेतला.

"मॅडम."

"हं?"

"जरा वेळ द्या. आताच नाही निघत."

"काहून? बिघाड आहे का काही?"

"गाडी चांगली आहे. आत माणूस झोपलं आहे."

"कोण माणूस? तुम्ही तर बोलून राहिले माझ्याशी."

"मी खाली उभा आहे. घरी गेलो होतो, आईले पाहाले. माझी बायको बसली होती गाडीत. तिले झोप लागली."

 मग मिनल हळूच म्हणाली, "काका, हे मला सांगायचं नव्हतं. आता मला कळवावं लागेल वर."

"कळवा."

"तुम्हाला नागपूर मिळणार नाही मग."

मागच्या ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. नत्थूजींनी फोन तसाच, न कापता, खिशात टाकला आणि उन्हातून गाडीच्या मागच्या बाजूला चालत गेले. हॉर्नवर हात ठेवून बसलेल्या ड्रायव्हरला त्यांनी दोन्ही हातांनी खूण केली, बाजूनं काढ. त्याला कळेना. तो काचेतून डोकं बाहेर काढून ओरडला, "क्या हुआ, भाऊ? बंद पडली का?"

नत्थूजींनी नाही म्हणून मान हलवली आणि भर रस्त्यावर ओठांवर बोट ठेवलं.