एकाच मापाची एकतीस भुतं

शिवणवाल्या काकूंच्या कॉम्प्युटरमधलं भूत म्हणजे खुद्द काका निघाले. असो. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण त्या संध्याकाळी काकूंच्या बाहेरच्या खोलीत जमलेल्या बावीस माणसांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काकांना तर नव्हतंच नव्हतं.

माणसं बावीस, खुर्च्या सात. उरलेली मंडळी कापडाच्या गठ्ठ्यांवर, आणि एकजण चक्क इस्त्रीच्या टेबलावर. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. तिथे कॉम्प्युटरमधली भुतं उतरवायला बोलावलेले डेटागुरू माउस फिरवत होते.

“आता तुमच्या डोळ्यांत अंजन घालतो,” म्हणत गुरूंनी कुठेशी टिचकी मारली आणि मापांच्या फोल्डरमध्ये भराभर फिकट, धुरकट फाइली उगवल्या. एकतीस! एकीलाही मुंडकं नाही. ‘नवरदेव-कोट’च्या जोडीला ‘~$रदेव-कोट’, ‘गणवेश-मापं’च्या जोडीला ‘~$वेश-मापं’.

“पहिली दोन अक्षरं खाल्ली!” गुरू गरजले. “आज अक्षरं, उद्या माणसं!”

“माझ्या नावात दोनच अक्षरं आहेत हो,” कोपऱ्यावरचा केमिस्ट कळवळला.

मग गुरूंनी डोळे मिटून “हुं फट् एन्टर!” म्हणत पडद्यांच्या मापांची फाइल उघडली. फोल्डरात नवीन बिनमुंडक्याची हजर! फाइल बंद केली. ती गायब! इस्त्रीच्या टेबलावरचा माणूस खाली पडला.

“हा डबा माझ्याकडे येणार,” गुरूंनी निकाल दिला. “सगळं पुसून शुद्ध करावा लागेल.”

“परत कधी मिळेल?” काकूंनी विचारलं.

“शुद्ध झालेली वस्तू संसारात परतत नाही, ताई.”

काकूंची तेरा वर्षांची, चारशे गिऱ्हाइकांची मापं त्याच डब्यात होती, आणि सोमवारी शाळेला साठ गणवेश द्यायचे होते. काकांनी तर वायरी सोडवायला घेतल्यासुद्धा.

“जाऊ दे गं. ही ब्याद घरात नको.”

“मग गणवेश काय अंदाजाने कापू? तुमचा पायजमा कापला होता तसा?”

पायजम्याचा विषय निघताच काका थांबले. तेवढ्यात काकूंनी माउस हिसकावला आणि एकेका भुताचे तपशील उघडून पाहिले. आकार एकशे बासष्ट बाइट. दुसऱ्याचा? एकशे बासष्ट. सातव्याचा? तोच.

“गुरुजी, तेरा वर्षांत मला दोन माणसं एका मापाची मिळाली नाहीत. जुळ्यांच्यासुद्धा बाह्या वेगळ्या. ही एकतीस भुतं एकाच मापाची कशी? रेडिमेड आहेत का?”

खोलीत खसखस पिकली. काकूंनी पडद्यांची फाइल पुन्हा उघडली आणि मंत्राच्या जागी मोठ्याने “दूध नासलं!” म्हणाल्या. भूत आलं. फाइल बंद केली. गेलं.

“मंत्र चुकला, तरी आलं की!” केमिस्टला धीर आला.

मग काकूंनी एक जुनं भूत नोटपॅडमध्ये उघडलं. आत सगळी गिचमिड आणि एकच वाचता येणारा शब्द: ‘मालक’. कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशी त्याने नाव विचारलं होतं, तेव्हा काकांनी ऐटीत हेच टाइप केलं होतं. बावीस माना काकांकडे वळल्या.

खुलासा साधा होता. फाइल उघडली की प्रोग्रॅम शेजारी एक चिठ्ठी ठेवतो: ‘अमक्याने उघडली आहे.’ ही चिठ्ठी एरवी लपलेली असते. गुरूंचं अंजन म्हणजे लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय. फाइल नीट बंद केली की प्रोग्रॅम चिठ्ठी स्वतःच उचलतो. पण काकू फाइल उघडी ठेवून स्वयंपाकघरात गेल्या, की वीज वाचवायला काका थेट भिंतीवरचं बटण बंद करत. चिठ्ठी तशीच राहायची. असं एकतीस वेळा झालं.

गुरू चपला न घालताच गेले. गणवेश सोमवारी पोचले. एकाच मुलाची बाही आखूड निघाली, आणि त्यात भुताचा हात नव्हता, मुलगाच महिन्याभरात वाढला होता.

तेव्हा मंडळी, अनोळखी फाइल दिसली तर आधी विचारा: ही कुठल्या प्रोग्रॅमची, केव्हाची, काय केलं की येते? कळेपर्यंत पुसू नका, आणि कळेपर्यंत पायाही पडू नका.

तसेच समस्त गुरुवर्यांना या पत्राद्वारे विनंती करण्यात येते की, यापुढील प्रत्येक चमत्काराची कृती त्यांनी सात दिवस आधी, तीन प्रतींत, स्वाक्षरीसह काकूंच्या इमारतीच्या जिन्याखालच्या सूचनाफलकावर लावावी. आणि हरकतींची सुनावणी पूर्ण होईपर्यंत चमत्कार स्थगित ठेवावा.